भाच्याचा व्हायरल लोड ४२,०००: गोळी लागू पडेना, की गोळी पोटात जाईना?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही बीड जिल्ह्यातले. भाचा १९ वर्षांचा, त्याला आईकडून जन्मतःच एचआयव्ही आला. आई-वडील दोघंही गेले, आजीनं आणि तुम्ही त्याला वाढवलं. पाचव्या वर्षी उपचार सुरू झाला. आधी नेव्हिरापीन असलेली मिश्रगोळी, मग इफाव्हिरेन्झची, आणि २०२१ पासून टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर या तिघांची एक गोळी. गेल्या वर्षापर्यंत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूची मोजणी, 'नॉट डिटेक्टेड' यायचा. नीटच्या तयारीसाठी पोरगा लातूरला होस्टेलवर गेला आणि दहा महिन्यांनी आकडा आला ४२,०००. सेंटरवर सांगितलं, समुपदेशन करू, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. तुम्ही विचारताय: विषाणू औषधाला सरावला का? पुढच्या लाइनची, म्हणजे पहिली औषधं हरल्यावर द्यायची औषधं आताच का देत नाहीत? खासगीत जेनोटाइप, म्हणजे विषाणूत औषध चुकवणारे बदल झालेत का हे पाहणारी तपासणी, करून घ्यावी का? आणि भारतातला विषाणू वेगळा असतो असं वाचलंत, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

मी मराठवाड्यातल्याच एका एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रावर, बरीच वर्षं डॉक्टर म्हणून काम करतोय. जन्मापासून हा आजार घेऊन आलेली पोरं माझ्यासमोर लहानाची मोठी झाली आहेत. तुमच्या भाच्याला मी तपासलेलं नाही, त्याचं व्हाइट कार्ड, म्हणजे उपचाराच्या नोंदींचं कार्ड, पाहिलेलं नाही, म्हणून खालचं काही त्याला तंतोतंत लागू होईल आणि काही होणार नाही. त्याचा सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) किती, वजन घटलंय का, खोकला-ताप आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, रात्री घाम किंवा वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर तीन महिने थांबू नका, उद्याच सेंटरला न्या. तिथे आधी टीबी शोधावा लागेल.

आता मुद्द्याचं. ४२,००० हा आकडा एवढंच सांगतो की त्याच्या रक्तात विषाणू मोकळेपणी वाढतोय. का वाढतोय, हे तो आकडा सांगत नाही. औषध रोज पोटात जातंय आणि तरी विषाणू जुमानत नाही, तेव्हा असाच आकडा येतो. औषध पोटात जातच नाही, तेव्हाही असाच येतो. दोन्हींचा इलाज अगदी वेगळा आहे. डोल्युटेग्रॅव्हिरवर असलेल्या, आधी विषाणू दबलेल्या (म्हणजे 'नॉट डिटेक्टेड') आणि नुकत्याच होस्टेलवर गेलेल्या मुलाचा आकडा वर आला, की माझा पहिला संशय दुसऱ्या कारणावर जातो. हा त्या मुलावर आरोप नाही. या औषधाचा स्वभाव माहीत आहे, म्हणून म्हणतो.

विषाणू सरावतो कसा, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडेल. एचआयव्हीची सगळी माहिती साधारण साडेनऊ हजार अक्षरांत लिहिलेली असते. प्रत उतरवणारं त्याचं विकर (एन्झाइम) धांदरट आहे, आणि चुका तपासून दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही. सरासरी तीन-चार प्रतींमागे एखादं अक्षर चुकतं. उपचार नसलेल्या माणसाच्या अंगात रोज सुमारे १,००० कोटी नवे विषाणू तयार होतात. म्हणजे एकेका अक्षराचा जो बदल शक्य आहे, तो जवळजवळ रोज कुठे ना कुठे घडून जातो. बहुतेक बदल विषाणूलाच लंगडं करतात. पण त्या गर्दीत लॅमिव्ह्युडिनला दाद न देणारा एखादा विषाणू औषध सुरू होण्याआधीच असतो. त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे लवकर समजतं. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं कापसाची काय दशा केली, ते मराठवाड्यानं पाहिलंय. बीटी बियाण्याच्या विषानं मरणारी अळी मेली, न मरणारी उरली, आणि तिचीच पिलावळ शेतभर झाली. एचआयव्हीवर एकच औषध दिलं तर हेच होतं. म्हणून तीन औषधं एकत्र देतात. एकाला चुकवणारा विषाणू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. तिघांनाही एकाच वेळी चुकवणारा विषाणू निव्वळ योगायोगानं तयार होणं फारच अवघड. आणि औषध पुरेसं असलं की प्रती तयार होणंच थांबतं. प्रत नाही तर चूकही नाही. वर्षानुवर्षं 'नॉट डिटेक्टेड' राहिलेल्या माणसात विषाणू सरावत नाही, तो यामुळे.

मग सरावतो कधी? औषध अर्धवट असतं तेव्हा. गोळ्या पूर्ण बंद असतील तर सरावण्याचं विषाणूला कारणच उरत नाही, तो मूळ रूपात बिनधास्त वाढतो. धोका मधल्या अवस्थेत असतो: चार दिवस घेतली, तीन दिवस राहिली, महिनाभर गावी, मग पुन्हा सुरू. नेव्हिरापीनच्या काळात हा धोका फार मोठा होता. त्या मिश्रगोळीतली दोन औषधं बंद केल्यावर दोनेक दिवसांत निष्प्रभ व्हायची, नेव्हिरापीन मात्र रक्तात आठवडा-दीड आठवडा रेंगाळायचं. इफाव्हिरेन्झची शेपटी तर कधी कधी तीन आठवड्यांपर्यंत जाते. तेवढे दिवस विषाणूसमोर एकटंच औषध, तेही उतरत्या मात्रेत. आणि या दोघांना हरवायला एकच बदल पुरतो. प्रत उतरवणाऱ्या विकरातल्या १०३ व्या जागेवरचा तो बदल झाला की दोन्ही औषधं एकदम जातात.

मला हे एका मुलीनं शिकवलं. आई-वडील नसलेली, काका-काकूंजवळ राहणारी. दोघंही कोयत्यावर जायचे. उचल घेतलेली, मुकादम दाराशी, त्यामुळे दिवाळीनंतर सगळं बिऱ्हाड कारखान्याच्या तळावर आणि ही पोरगी धाकट्यांना सांभाळायला सोबत. बरोबर नेलेल्या गोळ्या महिना-दीड महिना पुरायच्या. पाडव्याच्या सुमाराला परत आली की आम्ही तिला रागवायचो, ती मान खाली घालायची, गोळ्या पुन्हा सुरू. एका दुपारी आमच्या काउन्सेलरनं तिचे सगळे रिपोर्ट तारखेनं टेबलावर मांडले. उन्हाळ्यात वर, श्रावण-भाद्रपदात खाली, पुढच्या उन्हाळ्यात आणखी वर. तो आकडा ऊसतोडीच्या हंगामाबरोबर चालला होता आणि आम्ही दर वेळी तिला बेजबाबदार समजत होतो. ती तेव्हा इफाव्हिरेन्झवर होती. दर हंगामाला एक शेपटी. शेवटी नमुना पुण्याला पाठवून तपासून घेतला, तर १०३ चा बदलही होता आणि लॅमिव्ह्युडिनला निकामी करणारा १८४ चाही. तिच्यात विषाणू खरोखर सरावला होता. कारखान्याजवळच्या सेंटरला तिची वेळेत जोडणी करून दिली असती तर ते टळलं असतं. ती चूक आमची होती. आज ती दुसऱ्या लाइनवर आहे आणि दबलेली आहे.

डोल्युटेग्रॅव्हिर त्या मानानं फार चिवट औषध आहे. विषाणूच्या ज्या विकराला ते धरतं, त्याला सहजी सोडत नाही. एका बदलानं विषाणूचं फारसं भागत नाही, एकापेक्षा जास्त लागतात, आणि ते बदल करताना विषाणूच अशक्त होतो. तुमची खरी काळजी असणार ती भाच्याच्या जुन्या इतिहासाची. आई बाळंत होताना त्या काळी आईला आणि बाळाला नेव्हिरापीनचा एकेक डोस द्यायची पद्धत होती, नंतर वर्षानुवर्षं तेच औषध, मध्ये कधी गोळ्या चुकल्या असतील. असे जुने बदल शरीरातल्या निद्रिस्त पेशींत नोंदून ठेवल्यासारखे राहतात, पुसले जात नाहीत. तेव्हा लॅमिव्ह्युडिन त्याच्यात आधीच निकामी असेल का? असू शकतं. पण युगांडा, केनिया आणि झिम्बाब्वेत झालेल्या नाडिया या अभ्यासात पहिली औषधं हरलेल्या लोकांना डोल्युटेग्रॅव्हिर दिलं गेलं, आणि जोडीची औषधं कागदावर निकामी दिसत असूनही ४८ आठवड्यांनी सुमारे ९० टक्के लोकांचा विषाणू दबला होता. त्यात १८४ च्या बदलाची एक गंमतही आहे. तो लॅमिव्ह्युडिनला हरवतो, पण विषाणूचा वेग कमी करतो आणि त्याला टेनोफोव्हिरच्या तावडीत अधिक सहज आणतो.

याचा अर्थ डोल्युटेग्रॅव्हिर अभेद्य आहे असा करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात काही देशांच्या पाहण्यांत, हे औषध घेत असूनही विषाणू न दबलेल्या लोकांत, या औषधाला प्रतिरोध ३.९ ते ८.६ टक्के दिसला. आणि आधीचे उपचार घेतलेल्या, व्हायरल लोड जास्त असतानाच या औषधावर आणलेल्या लोकांत तो १९.६ टक्क्यांपर्यंत गेला. तुमचा भाचा आधीचे उपचार घेतलेल्यांतला आहे, पण टीएलडीवर तो दबलेला होता, ही त्याच्या बाजूची गोष्ट. मात्र गोळी अशीच अधूनमधून चालू राहिली तर वर्षभरानं मी हेच उत्तर इतक्या निश्चिंतपणे देऊ शकणार नाही.

भारतातल्या विषाणूबद्दल. आपल्याकडे बहुतांश एचआयव्ही-१ चा 'सी' उपप्रकार आहे, दक्षिण आफ्रिकेतही तोच. युरोप-अमेरिकेत 'बी' जास्त आणि औषधांचं बरंचसं सुरुवातीचं संशोधन त्याच्यावर झालं, म्हणून शंका येणं साहजिक आहे. पण आजची औषधं दोघांवर चालतात. फरक बारीक आहेत. उदाहरणार्थ टेनोफोव्हिरला चुकवणारा ६५ व्या जागेवरचा बदल 'सी'मध्ये थोडा सहज घडतो. एक मोठा अपवाद एचआयव्ही-२ चा. तो पश्चिम भारतात तुरळक आढळतो आणि त्याच्यावर नेव्हिरापीन, इफाव्हिरेन्झ मुळीच चालत नाहीत. पण नेहमीच्या व्हायरल लोड चाचणीत एचआयव्ही-१ च मोजला जातो, आणि भाच्याचा आकडा आलाय, त्यामुळे त्या वाटेला जायची गरज नाही. तुमच्यासाठी महत्त्वाचं वैविध्य देशादेशांतलं नाही. त्याच्या एकट्याच्या अंगात १९ वर्षांत जमलेल्या लाखो भावंडांसारख्या विषाणूंतलं आहे.

म्हणूनच जेनोटाइपवर आत्ता पैसे घालू नका. गोळ्या सुटलेल्या असताना औषधाचा दाब नसतो, मूळ विषाणू बाकीच्यांना मागे टाकून पुढे येतो, आणि नेहमीच्या चाचणीला साधारण २० टक्क्यांहून कमी असलेली जात दिसत नाही. रिपोर्ट स्वच्छ येतो, घरचे निर्धास्त होतात, आणि सरावलेला विषाणू आत तसाच बसलेला असतो. ही तपासणी करायची तर माणूस रोज औषध घेत असताना आणि व्हायरल लोड १,००० च्या वर असताना. शिवाय बऱ्याच ठिकाणच्या साध्या तपासणीत डोल्युटेग्रॅव्हिरशी संबंधित भाग, इंटिग्रेज, धरलेलाच नसतो. तो वेगळा सांगावा लागतो. उद्या वेळ आलीच तर एवढं नक्की विचारा.

तीन महिने थांबायला सांगितलं, ती टाळाटाळ वाटली असेल. ती तपासणीच आहे. डोल्युटेग्रॅव्हिर रोज पोटात गेलं आणि विषाणू सरावलेला नसला, तर आकडा पहिल्या महिन्यातच दहापटींहून जास्त घसरतो. तीन महिन्यांनी तो १,००० च्या खूप खाली आला तर औषध उत्तम चालतंय, विषय संपला. गोळ्या नक्की घेतल्या आहेत आणि आकडा तिथल्या तिथे आहे, तर मग मीही प्रतिरोध धरून चालेन, जेनोटाइप मागेन, आणि सेंटरचे डॉक्टर राज्याच्या तज्ज्ञ समितीकडे केस पाठवतील. आकडा ४२,००० चा ३०,००० झाला तर त्याला सुधारणा म्हणायचं नाही. तिपटीहून कमी फरक तपासणीच्याच चढउतारात बसतो.

आणि दुसऱ्या लाइनची घाई का नको? एक गोळी न घेणारा मुलगा तीन गोळ्या घेत नाही, हे मी स्वतः चुकून शिकलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाचं औषध मी असंच घाईनं बदललं. नव्या गोळ्यांनी त्याचं पोट बिघडायचं, त्यानं त्याही सोडल्या, आणि वर्षभर वाया गेलं. त्याला मी फक्त "गोळ्या घेतोस ना?" एवढंच विचारलं होतं. तो म्हणाला, "घ्यायलोय की रोज." दुसरं काय म्हणणार होता बिचारा?

म्हणून तुम्ही हा प्रश्न भाच्याला असा विचारू नका. त्याला विचारा, "रूमवर किती जण आहेत? गोळी कुठे ठेवतोस? झोपायला किती वाजतात?" होस्टेलच्या मुलांकडून मला जी उत्तरं मिळाली ती अशी: डबी हलली की खुळखुळते, रूममेट विचारतो काय आहे म्हणून. डबीवरचं नाव मोबाइलवर शोधलं की सगळं उघडं पडतं. गोळी रात्री नऊला घ्यायची, पण नऊला क्लास सुटतो आणि सगळे एकत्र मेसला जातात. एका मुलानं आठ महिने डबी बॅगेच्या तळाशी ठेवली होती, काढायची हिंमतच झाली नाही. यावरचे उपाय साधे असतात. डबीत स्वच्छ कापसाचा बोळा घातला की आवाज बंद. वेळ पहाटे अभ्यासाला उठायची ठरवली तरी चालते, या गोळीला जेवणाची अट नाही. आठवली तेव्हा घ्यावी, फक्त पुढची वेळ अगदी जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नयेत. दर महिन्याला गावाकडच्या सेंटरला येणं जमत नसेल तर लातूरच्या सेंटरला बदली करून मागा, ती मिळते. सध्या तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मागू नका. आकडा दबेपर्यंत महिन्याला भेट होणं त्याच्याच फायद्याचं.

गोळी प्रामाणिकपणे घेऊनही ती रक्तात पुरेशी न चढण्याची काही कारणं आहेत, आणि ती मुलं आपणहून सांगत नाहीत कारण त्यांना ती औषधं वाटतच नाहीत. जिमला जातो का? लोह, कॅल्शियम, झिंक असलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, कॉलेजात मिळणारी लोहाची निळी गोळी, ॲसिडिटीचं पातळ औषध, हे सगळं डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच बांधून ठेवतं. ॲसिडिटीच्या औषधाआधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी टीएलडी घ्यायची. लोह-कॅल्शियमलाही तेच अंतर ठेवावं, किंवा मग दोन्ही जेवणासोबत एकत्र घ्यावं. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅव्हिरचा आणखी एक डोस बारा तासांनी लागतो. फीटच्या काही गोळ्याही त्याची मात्रा उतरवतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्याला स्वतःचा आजार नावानं माहीत आहे का? आजीनं वाढवलेल्या कितीतरी पोरांना पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत "ही रक्ताची गोळी", "ही ताकदीची गोळी" एवढंच सांगितलेलं असतं. ताकदीची गोळी होस्टेलवर बंद केली आणि काही झालं नाही, तर पोरगा ती पुन्हा कशाला सुरू करेल? आणि माहीत असेल, तर आई-बाबा कशानं गेले हेही त्याला कळलंय, ते तो कुणाशी बोललाय का? हे बोलणं तुम्ही एकट्यानं घरी उरकू नका. काउन्सेलरसमोर बसून करा, आणि त्यातला थोडा वेळ तुम्ही बाहेर थांबा. १९ वर्षांच्या मुलाला मामासमोर न विचारता येण्यासारखं बरंच काही असतं. त्याची कुणी मैत्रीण असेल, तर विषाणू दबलेला असताना संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही, आणि आत्ता तो दबलेला नाही, हे त्याला कुणीतरी नीट सांगायला हवं.

होस्टेलला किंवा क्लासला त्याचा आजार सांगायची तुमच्यावर कसलीही सक्ती नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या संमतीशिवाय हे कुणाला सांगता येत नाही, आणि या कारणावरून त्याला शिक्षणातून किंवा राहण्याच्या जागेतून काढता येत नाही. हे त्यालाही सांगा. रूमवर कुणाला कळलं तर आपल्याला हाकलतील, या भीतीनं डबी बॅगेतच राहते. रात्री-अपरात्री त्याला नाव न सांगता कुणाशी बोलावंसं वाटलं, तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे.

या रविवारी जमलं तर लातूरला जा. जाताना रिपोर्ट घरीच ठेवा. त्याला जेवायला बाहेर न्या आणि आधी त्याच्या अभ्यासाचं विचारा. गोळ्यांच्या डब्या मात्र परत निघताना मागून घ्या, उरलेल्या गोळ्यांसकट, आणि पुढच्या भेटीला त्या सेंटरवर घेऊन या. किती उरल्या यावरून रागवायचं नाही, हे त्याला आधीच कबूल करा.